सांगायचं किती, झाकायचं किती?

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



'डिस्क संगणकाला जोडण्याची मानकं' असा विषय मी कळवला, तेव्हा संयोजकांना थोडी धास्ती वाटली असेल. तरीही त्यांनी तो मान्य केला, याबद्दल त्यांचे आभार. ज्यांच्या स्मरणार्थ आपण दर वर्षी जमतो, ते शिक्षक होते. यंत्र उघडून दाखवल्याशिवाय त्याबद्दल बोलायचं नाही, हा त्यांचा दंडक होता असं त्यांच्या विद्यार्थ्यांकडून ऐकत आलो आहे. आज यंत्र उघडूनच बोलू.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर एसएसडी घ्यायला गेलात, तर दुकानदाराचा पहिला प्रश्न असतो, 'साटा देऊ की एनव्हीएमई?' पाठोपाठ आकडे येतात. साटाची सेकंदाला साडेपाचशे एमबी, एनव्हीएमईची साडेतीन हजार, सात हजार, आता त्याहून जास्त. आकडे खरे आहेत आणि बहुतेक तुलना या तक्त्यापाशीच संपतात. पण १९८०च्या सुमाराला जन्मलेल्या दोन जोडण्यांपैकी एक दहा-बारा वर्षांत अडगळीत गेली आणि दुसरीची भाषा चाळीस वर्षांनंतरही तुमच्या खिशातल्या पेनड्राइव्हमध्ये बोलली जाते, ते का, हे त्या तक्त्यातून कळत नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं. मानक हा संगणक आणि डिस्क यांच्यातला करार आहे. त्यात वेगाचं कलम असतंच, पण कराराचं आयुष्य ठरतं ते दुसऱ्या कलमावर. डिस्कच्या पोटात काय चाललं आहे, यातलं संगणकाला किती सांगायचं आणि किती झाकायचं? या एका प्रश्नाच्या दोरीला धरून आपण एसटी-५०६ पासून एनव्हीएमईपर्यंत येऊ.

सगळं उघडं

१९७९ मध्ये ॲलन शुगार्ट आणि फिनिस कॉनर यांनी कॅलिफोर्नियात शुगार्ट टेक्नॉलॉजी ही कंपनी काढली. तिचंच पुढे सीगेट झालं. १९८० मध्ये तिची एसटी-५०६ ही सव्वापाच इंची हार्ड डिस्क आली. क्षमता ५ एमबी. तिच्यामागून आलेली १० एमबीची एसटी-४१२ आयबीएमच्या १९८३च्या पीसी एक्सटीत बसली आणि त्या जोडणीला सगळ्या उद्योगानं उचलून धरलं.

या जोडणीत डिस्कला स्वतःची अक्कल जवळजवळ नव्हती. चौतीस तारांच्या पट्टीतून हुकूम जात, वीस तारांच्या पट्टीतून माहिती ये-जा करी. संगणकातलं कंट्रोलर कार्ड डिस्कला हाताला धरून चालवी. हेड एक ट्रॅक आत ने, आणखी एक आत ने, आता तिसऱ्या हेडनं वाच. त्यावर डिस्ककडून येत ते चुंबकीय बदलांचे कच्चे स्पंद. त्यांतून बिट वेगळे काढणं, सेक्टर कुठं सुरू होतो ते ओळखणं, चूक तपासणं ही सगळी कामं कार्डाची. वेग होता सेकंदाला ५० लाख बिट, आणि तो जोडणीतच बांधलेला होता. डिस्क बनवणाऱ्यानं प्लेटवर बिट जास्त दाटीनं बसवले, तर जुन्या कार्डाला ते वाचताच येत नसत.

याचा ताप वापरणाऱ्याला होई. डिस्कवर किती सिलिंडर (म्हणजे सगळ्या प्लेटांवरचे एकाच अंतरावरचे ट्रॅक), किती हेड, किती सेक्टर आहेत ते संगणकाला सांगावं लागे. एका कार्डावर फॉर्मॅट केलेली डिस्क दुसऱ्या बनावटीच्या कार्डाला जोडली तर बहुधा वाचली जात नसे. कारखान्यातून आलेल्या डिस्कवर एक चिकटपट्टी असे. तिच्यावर खराब ट्रॅकची यादी छापलेली, आणि ती यादी फॉर्मॅट करणाऱ्या माणसानं हातानं टाइप करायची. डिस्कचा दोष डिस्कला स्वतःला ठाऊक नव्हता, तो माणसाला ठाऊक असावा लागे. सगळंच उघडं ठेवणाऱ्या या करारात डिस्क सुधारली की करार मोडत होता, आणि म्हणूनच तो टिकला नाही.

दाखल क्रमांक पुरे

गंमत अशी की दुसरा करारही शुगार्ट यांच्याच नावाच्या कंपनीत जन्मला. १९७३ मध्ये त्यांनी शुगार्ट असोसिएट्स काढली होती आणि वर्षभरात ते तिथून बाहेर पडले होते. त्यांच्या पश्चात त्या कंपनीत लॅरी बाउचर यांच्या गटानं 'सासी' नावाची जोडणी आखली. तिच्या नावात कंपनीचं नाव होतं. मानक म्हणून ती सर्वांसाठी पुढे आली, तेव्हा ते नाव गळलं आणि सासीची 'स्कझी' झाली. अमेरिकी मानक म्हणून १९८६ मध्ये तिच्यावर शिक्कामोर्तब झालं. त्याच वर्षी आलेल्या मॅकिंटॉश प्लसमध्ये ती मुळातच बसवलेली होती.

स्कझीनं काय केलं ते जुन्या वाचनालयाच्या उदाहरणानं चटकन कळेल. एसटी-५०६मध्ये वाचकानं कपाट, फळी आणि फळीवरची जागा सांगायची. स्कझीत चिठ्ठीवर दाखल क्रमांक लिहून द्यायचा, ग्रंथपाल पुस्तक आणून देतो. कपाटं हलली, फळ्या वाढल्या, तरी चिठ्ठी बदलत नाही. संगणक म्हणतो, अमुक क्रमांकाच्या ब्लॉकपासून इतके ब्लॉक दे. तो ब्लॉक कोणत्या प्लेटवर आहे, खराब झाल्यामुळे दुसरीकडे हलवला आहे का, याच्याशी संगणकाला कर्तव्य नाही.

सोबत आणखी दोन चांगल्या गोष्टी आल्या. एक आज्ञा अशी होती की ती मिळताच डिस्क आपली ओळख सांगे: मी कोणत्या प्रकारचं उपकरण, कोणत्या बनावटीचं. त्यामुळे त्याच केबलवर टेप, स्कॅनर, सीडी-रॉम गुण्यागोविंदानं नांदू शकले. दुसरी गोष्ट म्हणजे आज्ञा घेतल्यावर डिस्क बस सोडून देऊ शके. हेड जागेवर नेण्यात वेळ जात असताना त्या तारांवरून दुसऱ्या डिस्कचं काम चाले. अनेक लोक एकाच वेळी वापरतात अशा सर्व्हरला हे फार उपयोगाचं होतं.

अर्थात तोटेही होते. आठ उपकरणांना वेगवेगळे क्रमांक द्या, साखळीच्या दोन्ही टोकांना टर्मिनेटर लावा, ते चुकले तर डिस्क कधी दिसे, कधी गायब होई. शिवाय प्रत्येक डिस्कवर आणि संगणकात जास्तीचं इलेक्ट्रॉनिक्स, म्हणजे जास्तीचा खर्च.

या झाकण्याचा एक लाभ आपल्याजवळचा आहे. पुण्यात व्हेरिटासच्या केंद्रात स्टोरेज सॉफ्टवेअरचं काम वर्षानुवर्षं झालं. अनेक डिस्क मिळून एक मोठी डिस्क भासवणं, चालू व्यवस्थेतून माहिती एकीकडून दुसरीकडे हलवणं, हे या क्षेत्राचं रोजचं काम. प्रत्येक डिस्क म्हणजे क्रमांक लावलेल्या ब्लॉकची एक रांग, एवढंच गृहीत धरता येतं म्हणून हे काम शक्य होतं. डिस्कचं पोट झाकलेलं नसतं, तर प्रत्येक नव्या मॉडेलसाठी ते सॉफ्टवेअर पुन्हा लिहावं लागलं असतं.

स्वस्ताई आणि खोटा पत्ता

मग घराघरातल्या संगणकांत स्कझी का आली नाही? कारण तिच्यापेक्षा स्वस्त वाट सापडली. कॉम्पॅक, वेस्टर्न डिजिटल आणि कंट्रोल डेटा यांनी १९८६च्या सुमाराला कंट्रोलर कार्डावरचं इलेक्ट्रॉनिक्स उचलून थेट डिस्कवर ठेवलं. संगणकाची सोळा बिटांची बस चाळीस तारांच्या पट्टीनं डिस्कपर्यंत लांबवली. आपण तिला आयडीई म्हणत आलो. मानकाचं नाव एटीए.

यातली युक्ती सुसंगतीची होती. आयबीएमच्या पीसी एटीतल्या वेस्टर्न डिजिटलच्या कार्डाशी संगणक ज्या रजिस्टरांतून बोले, तीच रजिस्टरं आता डिस्क दाखवू लागली. संगणकाला वाटे समोर जुनंच कार्ड आहे. सॉफ्टवेअर बदलायला नको, नवं कार्ड नको. एका पट्टीवर दोन डिस्क, जंपरनं एक मास्टर आणि दुसरी स्लेव्ह ठरवायची. एक काम करत असताना दुसरीनं गप्प बसायचं. स्कझीची ऐट तिच्यात नव्हती, पण एकट्या माणसाच्या टेबलावर तिची गरजही नव्हती.

मात्र जुन्या कार्डाचं सोंग घेतल्यामुळे जुना पत्ताही गळ्यात पडला. संगणक अजून सिलिंडर, हेड, सेक्टर याच भाषेत विचारत होता. डिस्क तोवर पुढे गेल्या होत्या. बाहेरच्या लांब ट्रॅकवर जास्त सेक्टर, आतल्या आखूड ट्रॅकवर कमी, अशी रचना आली होती, त्यामुळे 'दर ट्रॅकला इतके सेक्टर' हा आकडाच निरर्थक झाला होता. मग डिस्क सरळ खोटा पत्ता सांगू लागल्या. आत दोन प्लेट असलेली डिस्क सोळा हेड असल्याचं बेलाशक सांगे. संगणकही त्या काल्पनिक हेडला हुकूम देई आणि डिस्क आतल्या आत खरी जागा शोधून काढी.

या खोट्या पत्त्यानं एक भिंत उभी केली. संगणक सुरू होताना चालणाऱ्या बायोस या मूळ सॉफ्टवेअरमध्ये सिलिंडरसाठी १०, हेडसाठी ८ आणि सेक्टरसाठी ६ बिट होते. एटीएमध्ये हेच आकडे १६, ४ आणि ८. बायोसच्या हिशेबानं डिस्क ८.४ जीबीपर्यंत जाऊ शके, एटीएच्या हिशेबानं सुमारे १३७ जीबीपर्यंत. पण दोघांना एकत्र काम करायचं तर प्रत्येक रकान्यातला लहान आकडा धरावा लागे: १०२४ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर, दर सेक्टरला ५१२ बाइट. गुणाकार येतो ५२८ एमबी. दोन्ही बाजू ऐसपैस, आणि दोघींच्या मधला दरवाजा चिंचोळा. नव्वदच्या दशकात मोठी डिस्क घेऊनही संगणकात अर्धीच दिसते म्हणून चकित झालेल्यांना या गुणाकाराचा फटका बसला होता.

सुटका शेवटी स्कझीच्याच मार्गानं झाली. एटीएनंही सरळ ब्लॉक क्रमांक स्वीकारला, आधी २८ बिटांचा आणि १३७ जीबीची भिंत लागल्यावर ४८ बिटांचा. सीडी-रॉमसाठी तर स्कझीच्या धर्तीच्या आज्ञा एटीएच्या तारांवरून पाकिटात घालून पाठवायची सोय झाली. बाजारात आयडीईनं स्कझीला हरवलं, आणि विचारात स्कझीनं आयडीईला.

सर्व्हरवाले मात्र स्कझी सोडत नव्हते. तिच्या वेगाची ख्याती मोठी होती, पण त्यातला बराच वाटा जोडणीचा नसून तिच्यामागच्या डिस्कचा होता. सीगेटची चीता मालिका मिनिटाला १०,००० आणि पुढे १५,००० फेरे घेई, आणि अशा महागड्या डिस्कना बहुधा स्कझीची जोडणी दिली जाई. तुलना करताना केबलचं श्रेय आणि डिस्कचं श्रेय वेगळं काढायला हवं, हा धडा तेव्हाही होता आणि आजही आहे.

तार बदलली, भाषा तीच

दोन्ही घराण्यांना पुढे एकाच अडचणीनं गाठलं. शेजारशेजारच्या अनेक तारांतून बिट एकदम सोडायचे, तर ते पलीकडे एकदम पोचायला हवेत. वेग वाढला की तारांच्या लांबीतला किंचित फरकही बाधतो आणि एका तारेचा आवाज दुसरीत शिरतो. एटीएनं ४० तारांच्या मध्ये आणखी ४० ग्राउंडच्या तारा घालून पाहिलं. वेग सेकंदाला १३३ एमबीपर्यंत गेला आणि तिथंच थांबला. स्कझी ३२० एमबीवर अडली.

उपाय उलटा निघाला: तारा कमी करा. २००३ मध्ये बाजारात आलेल्या साटाच्या माहितीच्या केबलमध्ये सात संपर्क आहेत. जाण्यासाठी एक जोडी, येण्यासाठी एक जोडी, बाकी तीन ग्राउंडचे. बिट एकामागोमाग एक जातात, त्यामुळे एकमेकांसाठी थांबण्याचा प्रश्न उरत नाही. सेकंदाला दीड अब्ज बिट हा पहिला वेग. दर आठ बिटांसाठी तारेवरून दहा बिट पाठवावे लागत असल्यानं हिशेब १५० एमबीचा झाला. १३३ वरून १५०, म्हणजे वेगात मोठी उडी नव्हतीच. उडी होती ती पुढे वाढायला जागा मिळण्यात. तोच मार्ग २००९ पर्यंत ६ अब्ज बिटांवर, म्हणजे ६०० एमबीवर पोचला. डिस्क एका वेळी ३२ आज्ञा जवळ ठेवून स्वतःच्या सोयीच्या क्रमानं उरकू लागली, म्हणजे स्कझीकडे आधीपासून असलेली सवलत घरच्या डिस्कलाही मिळाली.

स्कझीचंही असंच रूपांतर होऊन सॅस आली. इथं दोन्ही घराण्यांची सोयरीक जुळली. साटाची डिस्क सॅसच्या खोबणीत बसते आणि चालते, पण सॅसची डिस्क साटाच्या खोबणीत बसत नाही. तशी बसूच नये म्हणून साटाच्या जोडात जिथं मोकळी फट आहे, तिथं सॅसच्या जोडात मुद्दाम भर घातली आहे. सॅस डिस्कला दोन दारं असतात. एका कंट्रोलरनं दगा दिला तर दुसऱ्यानं तिच्यापर्यंत पोचता येतं. स्वस्त साटा आणि भरवशाची सॅस एकाच कपाटात ठेवण्याची मुभा मिळाल्यानं मोठ्या केंद्रांचा खर्च कमी झाला.

भाषाच बदलावी लागली

इथवरच्या सगळ्या करारांत एक गृहीतक न लिहिता बसलेलं होतं: डिस्क मंद असते. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कवर हवा तो सेक्टर हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सव्वाचार मिलिसेकंद लागतात. तीन गिगाहर्ट्झचा प्रोसेसर तेवढ्यात सव्वा कोटीच्या आसपास ठोके पूर्ण करतो. इतकी वाट पाहायचीच आहे, तर आज्ञा देताना चार-दोन मायक्रोसेकंद वाया गेले म्हणून कोण मोजतो?

एसएसडीतल्या फ्लॅश स्मृतीत फिरणारं काही नाही. वाचन शंभर मायक्रोसेकंदांच्या आत होतं, आणि मग ते चार-दोन मायक्रोसेकंद बोचू लागतात. साटा ज्या एएचसीआय पद्धतीनं बोलते, तीत ३२ आज्ञांची एकच रांग. प्रोसेसरला आठ-सोळा कोर असले, तरी सगळ्यांनी त्या एका रांगेच्या कुलपासाठी ताटकळायचं. नुसती तार जाड करून हे सुटणारं नव्हतं.

म्हणून इंटेलच्या अँबर हफमन यांच्या नेतृत्वाखालच्या उद्योगगटानं नवी भाषा लिहिली. एनव्हीएमईची पहिली आवृत्ती मार्च २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. डिस्क पीसीआय एक्सप्रेसच्या मार्गांवर, म्हणजे प्रोसेसरच्या अंगणातच आली. सुमारे ६५ हजार रांगा, प्रत्येकीत तितक्याच आज्ञा ठेवण्याची मुभा. प्रत्यक्षात दर कोरला स्वतःची रांग मिळते एवढं पुरेसं आहे, कुलूप लागत नाही. रांगा संगणकाच्याच स्मृतीत असतात. आज्ञा मांडायची आणि डिस्कच्या रजिस्टरवर घंटा वाजवायची. लेखन-वाचनाच्या बाजूला अत्यावश्यक आज्ञा केवळ तीन: वाच, लिही आणि हाती असलेलं पक्क्या जागी उतरव. तीस वर्षांचं ओझं उतरवल्यावर भाषा किती आटोपशीर होते, ते यातून दिसतं. चार मार्गांच्या चौथ्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेसवर ही डिस्क सेकंदाला ७ जीबीच्या वर जाते.

झाकण्याची किंमत

इथं माझ्या मुद्द्याची दुसरी बाजू येते. झाकणं नेहमीच फायद्याचं असतं असं नाही.

एसएसडी स्वतःला ब्लॉकची रांग म्हणून दाखवते, पण आतला प्रकार निराळा आहे. फ्लॅशमध्ये लिहिलेल्यावर पुन्हा लिहिता येत नाही. आधी मोठा पट्टा पुसावा लागतो. तुम्ही फाइल काढून टाकलीत तर ते ऑपरेटिंग सिस्टिमला कळतं, डिस्कला कळत नाही. ती त्या मेलेल्या माहितीला जपत बसते, इकडून तिकडे हलवते, आणि स्वतःची झीज करून घेते. म्हणून 'हे ब्लॉक आता नकोत' असं सांगणारी ट्रिम ही आज्ञा करारात मागाहून घालावी लागली. २००९च्या विंडोज ७ पासून ती सर्वसामान्यांपर्यंत आली.

बँकेच्या दृष्टीनं याहून गंभीर गोष्ट म्हणजे 'लिहिलं' या उत्तराचा अर्थ. डिस्क वेगासाठी माहिती आधी आपल्या तात्पुरत्या स्मृतीत घेते आणि लिहून झालं म्हणून कळवते. त्या क्षणी वीज गेली तर? डेटाबेस लिहिणारा माणूस म्हणूनच 'पक्क्या जागी उतरव' ही आज्ञा जपून वापरतो.

अलीकडे तर काही झाकणं मुद्दाम उघडली जात आहेत. कौलांसारखे एकावर एक चढलेले ट्रॅक असणाऱ्या हार्ड डिस्क आणि झोन पाडलेल्या एसएसडी संगणकाला सांगतात, 'माझे असे पट्टे आहेत, प्रत्येक पट्टा सुरुवातीपासून क्रमानं लिही.' स्कझी, एटीए आणि एनव्हीएमई तिघांतही त्यासाठी नवी कलमं आली आहेत. मात्र हे एसटी-५०६कडे परतणं नव्हे. तिथं सगळंच उघडं होतं. इथं ज्या एका गोष्टीमुळे नुकसान होत होतं, तेवढीच उघडली आहे.

निवडायचं काय?

व्याख्यान ऐकून घरी जाताना हाती काही लागावं म्हणून व्यवहाराचं बोलतो. फोटो, चित्रपट, जुनी कागदपत्रं साठवायची असतील, तर साटाची हार्ड डिस्क आजही योग्य आहे. नेहमीची हार्ड डिस्क सेकंदाला तीनशे एमबीही गाठत नाही, तिला सहाशेचा रस्ताच मोठा होतो. जुन्या संगणकात हार्ड डिस्क काढून साटाची एसएसडी घातली, तर जाणवणारा फरक प्रचंड पडतो, कारण सव्वाचार मिलिसेकंदांची ती वाट पाहणं संपतं. तिथून एनव्हीएमईकडे गेल्यावर रोजच्या पत्रलेखनात तितका फरक दिसणार नाही. चलचित्रांचं संपादन, डेटाबेस, एकावेळी अनेकांचं काम असेल तर दिसेल. लॅपटॉपसाठी एम-टू आकाराची पट्टी घेताना जास्त जपा. आकार सारखा असला तरी ती साटा बोलते की एनव्हीएमई, हे आकारावरून ठरत नाही. आपल्या मशीनची खोबण कोणती भाषा समजते, ते आधी पाहा.

आणि पेनड्राइव्ह? तो यूएसबीच्या तारेवरून स्कझीच्या आज्ञा पाळतो. लिनक्समध्ये तो 'एसडी'नं सुरू होणाऱ्या नावानं दिसतो, त्यातला 'एस' स्कझीचाच. स्कझीच्या रुंद पट्ट्या आणि टर्मिनेटर भंगारात गेले. ब्लॉकचा क्रमांक सांग, बाकीचं मी बघतो, हे तिचं कलम मात्र कोणी रद्द केलं नाही.

चांगल्या कराराची माझी कसोटी यातून निघते. झाकलेल्या भागात हवे ते बदल करायची मोकळीक निर्मात्याला राहावी, आणि झाकल्यामुळे नुकसान होऊ लागलं तर नेमका तेवढाच भाग उघडायची सोय करारात असावी. एकमेकांचे कट्टर स्पर्धक असलेल्या कंपन्या मानक समित्यांच्या टेबलाभोवती बसून झाकलेलं आणि उघडं यांच्यातली हीच रेघ ठरवत आल्या. रेघ ठरलेली असल्यामुळेच तिच्या आतल्या बाजूला त्यांना जोरात स्पर्धा करता आली, आणि ५ एमबीपासून कित्येक टीबीपर्यंतचा प्रवास आपली जुनी फाइल न मोडता झाला.

पुढच्या मानकाची जाहिरात येईल तेव्हा वेगाचा आकडा मोठ्या अक्षरांत असेल. तो जरूर वाचा. मग विचारा की या जोडणीत संगणकाला डिस्कबद्दल काय काय ठाऊक असावं लागतं. वेगाचा आकडा चार-पाच वर्षांत जुना होतो. दुसऱ्या प्रश्नाचं नीट दिलेलं उत्तर चाळीस वर्षं पुरतं, हे स्कझीनं दाखवून दिलं आहे.